छापील किमतीचं दुकान

तालुक्याच्या गावातल्या ‘बुक डेपो’त पुस्तकं बहुधा मागच्या फळीवर असतात. पुढे काउंटरवर वह्यांचे गठ्ठे, पेनांचे डबे, कंपासपेट्या, फाइली. कोपऱ्यात झेरॉक्स मशीन. श्रावणात राख्या लटकतात, डिसेंबरात कालनिर्णय. शहरातून आलेला माणूस याला स्टेशनरीचं दुकान म्हणून मोकळा होतो. पण जालना जिल्ह्यातल्या परतूरसारख्या गावात आणि भोवतालच्या खेड्यांत कुणाला पुस्तक हातात घेऊन, चार पानं चाळून विकत घ्यायचं असेल, तर जागा हीच.

या दुकानांची आजची गाऱ्हाणी दोन आहेत. दुकानात मुलगा टिकत नाही, टिकवायचा तर पगार झेपत नाही, हे पहिलं. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक पुस्तक चाळतं, मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, ‘इथं तर कमी दाखवतंय.’ बोलणारे ही दोन दुखणी वेगवेगळी मोजतात. मला ती एकाच मुळाची वाटतात. पुस्तकाच्या पाठीवर छापलेली किंमत हे ते मूळ. ही किंमत दुकानदार ठरवत नाही आणि ज्यांनी ती ठरवली, त्यांनी काउंटरमागच्या माणसाच्या मजुरीला तिच्यात पुरेशी जागा कधी ठेवली नाही. हे असं का झालं, ते या दुकानाच्या पिढ्या मागे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

पोथी, पंचांग आणि रेल्वे

परतूरच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. या मुलखाला ग्रंथ नवा नव्हता, ग्रंथ विकत घेणं नवं होतं. पोथी उतरवून घ्यायची, मठातून मागून आणायची, सप्ताहात ऐकायची अशी रीत होती. पुस्तकाची किंमत रुपयांत मोजायची वेळ आली ती छपाईनंतर. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या देखण्या टाइपातले ग्रंथ दूरवर गेले. पंचांग हा मराठी मुलखातला पहिला असा छापील माल, जो दर वर्षी नव्याने घ्यावाच लागतो. सोलापूरचं दाते पंचांग १९१६ पासूनचं, कालनिर्णय १९७३ पासूनचं. आजही बुक डेपोच्या वर्षात पाडवा आणि डिसेंबर हे दोन हंगाम या मालावर निघतात.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन मनमाडहून सिकंदराबादकडे गेली आणि परतूर तिच्यावर आलं. कापूस बाहेर जाऊ लागला, कापड, रॉकेल, काडेपेटी आत येऊ लागली. पुस्तकही याच वाटेने आलं, पण दुकानातून नव्हे. ते यायचं जत्रेतल्या फिरत्या विक्रेत्याच्या गोणपाटावरून आणि पुण्या-मुंबईला जाऊन आलेल्या माणसाच्या पिशवीतून.

परिषदेचं गाव

दुकान उभं राहायला उशीर लागला, याचं कारण राज्यात होतं. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. राज्यकारभाराची आणि शाळेची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागे आणि सभा भरवायला ‘गश्ती निशाण ५३’ हा सरकारी हुकूम आडवा येई. ज्या भाषेत परीक्षा होत नाही, त्या भाषेच्या पुस्तकांवर दुकान चालत नाही. शालेय पुस्तक हा पुस्तकाच्या धंद्याचा पाया असतो आणि मराठीला तो पाया मराठवाड्यात मिळालाच नव्हता.

म्हणून इथे दुकानाच्या आधी वाचनालय आलं. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ चं. एक प्रत दहा-वीस घरांत फिरायची. वर्तमानपत्र एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. या वाचनामागे एक राजकीय भूकही होती. संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरलाच भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. राजकीय पक्षाला मोकळीक नव्हती, तेव्हा भाषेच्या नावाने एकत्र यायचं आणि शिक्षणाचे, नागरी हक्कांचे प्रश्न मांडायचे, असा तो मार्ग होता. पुढच्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी संस्थानाबाहेरून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं. बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा निघे. बंदी असलेला छापील कागद लपवून आणणं, वाचणं आणि पुढे देणं हे त्या पिढीचं वाचन होतं. त्यात नफ्याचा प्रश्न नव्हता. आणणाऱ्याची मजुरी कुणी मोजली नाही, कारण ते काम होतं देशाचं.

पुस्तक पोचवणं म्हणजे सेवा, ही समजूत तेव्हापासून इथल्या हवेत राहिली. पुढे धंदा झाला तरी ती गेली नाही. पुस्तकवाल्याने जास्त मागू नये, त्याने थोडं सोडावं, असं सगळ्यांनाच वाटत आलं. या समजुतीत आदर आहे, पण तिची किंमत दुकानाने मोजलेली आहे.

जूनचा गठ्ठा

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. शाळा मराठी झाल्या. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. वर्षभरातच राज्याची भाषावार फाळणी होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला निघालं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. २७ जानेवारी १९६७ ला ‘बालभारती’ स्थापन झाली आणि सबंध राज्यातल्या मुलांच्या हातात एकच पुस्तक आलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा ते तिकडे गेलं.

बुक डेपो खऱ्या अर्थाने जन्मला तो या वीस-पंचवीस वर्षांत. त्याचं सगळं वर्ष जून महिन्यावर उभं असायचं. मे अखेरीपासून बालभारतीच्या भांडारातून माल आणायचा, इयत्तेप्रमाणे संच लावायचे, सुतळीने बांधायचे, वर खडूने ‘५ वी’, ‘७ वी’ लिहायचं. त्यासोबत वह्या, खाकी कव्हरं, लेबलं. सेकंडहँड पुस्तकांचा ढीग वेगळा. मोठ्या भावाची पुस्तकं द्यायची, वर थोडे पैसे घालायचे आणि पुढच्या इयत्तेची न्यायची. नवनीत १९५९ मध्ये निघाली. मग गाइडं आली, व्यवसायमाला आल्या, दहावीच्या तोंडावर ‘अपेक्षित’ आलं. पाठ्यपुस्तकावर कमिशन जेमतेम, गाइडवर बरं, वहीवर त्याहून बरं. दुकानदार पाठ्यपुस्तक ठेवायचा ते गिऱ्हाईक यावं म्हणून आणि कमवायचा ते त्याच्यासोबत जाणाऱ्या वह्यांवर. त्या कमाईतून मागच्या फळीवर कादंबऱ्या, चरित्रं, ज्ञानेश्वरी, दासबोध, शेतीची पुस्तकं, दिवाळी अंक ठेवायची ऐपत यायची. म्हणजे आवडीने घ्यायचं पुस्तक हे शाळेच्या पुस्तकाच्या जिवावर गावात राहत होतं.

या धंद्यातली आणखी एक गोष्ट शहरात दिसत नाही. शाळा उघडते जूनमध्ये आणि शेतकऱ्याच्या हातातला पैसा नेमका तेव्हाच बी-बियाण्यात, खतात जातो. मृग निघालेलं, पेरणी तोंडावर. अशा वेळी तीन मुलांचे संच घ्यायला आलेल्या बापाला दुकानदार वहीत नाव मांडून माल देतो. कापूस निघाला की, सोयाबीन विकलं की, दिवाळीच्या आसपास वसुली. पाऊस दगा देऊन गेला तर बाकी पुढच्या सालात. या उधारीवर व्याज नाही आणि छापील किमतीत तिची भरपाईही नाही. दुकानदार ती सोसू शकला, कारण दुकानात राबणारे हात घरचे होते. बाप गल्ल्यावर, आई दुपारी, मुलं शाळा सुटल्यावर. त्यांचा पगार कुणी हिशेबात धरला नाही. वर्षअखेरीला जो नफा दिसायचा, तो खरं तर या न दिलेल्या पगाराची बेरीज असायची.

गठ्ठा सुटतो

शाळा, उधारी, घरचे हात या सगळ्या धाग्यांनी मिळून दुकान बांधलेलं होतं. मग एकेक धागा निघत गेला. प्रत्येक वेळी निघण्याचं कारण चांगलं किंवा निदान समजण्यासारखं होतं, हे आधी सांगितलं पाहिजे.

सर्व शिक्षा अभियान २००१ मध्ये सुरू झालं आणि पुढे सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळू लागली. मजुराच्या पोराला पहिल्याच दिवशी कोरं पुस्तक मिळतं, यासारखी आनंदाची गोष्ट नाही. पण पुस्तकांचा ट्रक आता भांडारातून थेट पंचायत समितीच्या दारात जातो आणि तिथून शाळेत. बुक डेपो वाटेतून बाजूला झाला. ज्याच्यामुळे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत होतं, तेच कारण संपलं. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांमध्ये तर पुस्तकं, वह्या, गणवेश असा सगळा संच शाळेतच घ्यायचा, अशी पद्धत पडली.

करोनाच्या टाळेबंदीत २०२० चा जून कोरडा गेला. मुलं मोबाइलवर पीडीएफ वाचू लागली. २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षात शाळेच्या पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पानं घातली गेली. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू होता. २०२५ च्या सुरुवातीला निर्णय मागे घेतला गेला, पण दरम्यान वह्यांच्या दुकानदारीला फटका बसायचा तो बसला. दिलासा एकाच बाजूने आला. छापील पुस्तकांवर जीएसटी नव्हताच. वह्यांवर मात्र बारा टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला.

शाळेची पुस्तकं गेली, तेव्हा दुकानांना काही काळ तारलं ते स्पर्धा परीक्षांनी. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. के’सागरची जाडजूड पुस्तकं, सामान्य ज्ञान, अंकगणित, चालू घडामोडींची मासिकं. मराठवाड्यातल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या हजारो मुलामुलींनी हा बाजार उभा केला. पण हाच वाचक सगळ्यात मोबाइल-सराईत. त्याला पुस्तकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशन सगळं नेमकं ठाऊक असतं. चाळायची गरज नसते. जे पुस्तक न चाळता घेता येतं, ते घरबसल्या मागवायला सगळ्यात सोपं. त्यात टेलिग्रामवर त्याच पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ फुकट फिरतात, तो मार वेगळाच.

टपालातून आलेलं पुस्तक

घरपोच पुस्तक ही कल्पना अमेरिकेतून आली, असं वाटत असेल तर ते खरं नाही. व्ही.पी.पी. म्हणजे माल घेताना पोस्टमनच्या हातात पैसे द्यायची सोय ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ मध्ये सुरू केली. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनी ती उचलली. पुस्तकाच्या मलपृष्ठावर यादी आणि खाली ‘व्ही.पी.ने पाठवू’ ही ओळ मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे. निजामाचं टपालखातं वेगळं, तिकिटं वेगळी. १९५० मध्ये ते भारतीय टपालखात्यात मिळालं आणि मराठवाडा या वाटेशी थेट जोडला गेला. पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, संस्कृतचे कवी. परतूरला ४३१५०१ हा आकडा मिळाला. आज प्रत्येक पार्सलवर तोच छापलेला असतो.

व्ही.पी.ने दुकान मोडलं नाही. कारण तेव्हा टपालाने येणारं पुस्तक दुकानापेक्षा महाग पडायचं. छापील किंमत अधिक टपालखर्च असा हिशेब असायचा. जवळ दुकान असलेल्याला दुकान स्वस्त, नसलेल्याला टपालाचा आधार, अशी दोघांत आपोआप वाटणी होती.

२००७ मध्ये बेंगळुरूत फ्लिपकार्ट सुरू झालं ते पुस्तकं विकायलाच. त्यांचं पहिलं पुस्तक गेलं महबूबनगरला, म्हणजे जुन्या निजामी मुलखातल्याच एका जिल्ह्याच्या गावी. पहिली ऑर्डर महानगरातून न येता अशा गावातून यावी, यात बरंच काही आहे. पुस्तकांची खरी टंचाई इथेच होती. २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय केली, व्ही.पी.पी.च नव्या रूपात आली. जून २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात आलं, तेही पुस्तकांपासून. मराठी पुस्तकांसाठी बुकगंगा उभं राहिलं आणि अमेरिकेतल्या, आखातातल्या मराठी घरांपासून परतूरच्या वाडी-तांड्यांपर्यंत हजारो शीर्षकं एका यादीत आली. वाचकाचं यात भलंच झालं. जे पुस्तक दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणायचा आणि महिनाभर यायचं नाही, ते चार दिवसांत येऊ लागलं.

बदल झाला तो किमतीत. जुन्या वाटणीत टपालाचं पुस्तक महाग होतं, नव्यात ते स्वस्त झालं. पुस्तकावर कमावणं हे मोठ्या कंपन्यांचं ध्येयच नव्हतं. पुस्तक न तुटणारं, न नासणारं, छापील किमतीचं. गिऱ्हाइकाला मोबाइलवर खरेदीची सवय लावायला उत्तम. मग मोठी सूट द्या, पाठवणी फुकट करा, पुढे तोच माणूस चप्पल आणि मिक्सर घेईल. परिणाम असा की काही पुस्तकं दुकानदाराला ज्या भावात पडतात, त्याहून कमी भावात ती मोबाइलवर दिसतात. बाजारपेठ म्हणवणाऱ्या परदेशी गुंतवणुकीच्या कंपन्यांनी किमतींवर प्रभाव टाकू नये, असा नियम केंद्राने १ फेब्रुवारी २०१९ पासून कडक केला. तरी सूट द्यायचे रस्ते उरलेच.

लहान विक्रेत्याचं टपाल मात्र महाग होत गेलं. रजिस्टर्ड बुक पोस्ट ही छोट्या प्रकाशकांची जीवनवाहिनी डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बंद झाली. ओरड झाल्यावर मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली.

मजुरी कुठून काढायची

आता पगाराचं गाऱ्हाणं. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. दुकानं आणि व्यापारी आस्थापना त्याच्या महाराष्ट्रातल्या अनुसूचीत होत्या, म्हणजे दुकानात एक नोकर असला तरी किमान वेतन लागू. वर महागाईप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, विशेष भत्ता बदलतो. मूळ वेतन आणि भत्ता मिळून अकुशल माणसाचा महिना आता दहा हजारांच्या पुढे जातो. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली, तिने किमान वेतनाचा हक्क सरसकट सगळ्या नोकरदार कामगारांना दिला.

पण परतूरच्या दुकानाला मजुरी वाढल्याचं कळलं ते राजपत्रातून नव्हे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला गेली आणि त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. गावातल्या मजुरीला खालून पहिला टेकू तिने दिला. २०२५-२६ मध्ये रोहयोचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. कापूस वेचणीला, सोयाबीन काढणीला त्याहून जास्त मिळतात. जालन्याच्या स्टील कारखान्यांत, वाळूजच्या एमआयडीसीत, चाकणला जायला रोज गाडी आहे. बारावी झालेल्या मुलाने पाच-सहा हजारांवर दहा तास काउंटरवर का उभं राहावं? त्याने जावंच. त्याला दोष देणारा माणूस स्वतःच्या मुलाला त्या पगारावर ठेवणार नाही.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. पुस्तक ३०० रुपयांचं. प्रकाशकाकडून ३० टक्के कमिशन, म्हणजे ९० रुपये. गिऱ्हाइकाला दहा टक्के सोडावे लागतात, कारण तो मोबाइल दाखवतो. उरले ६०. गाळ्याचं भाडं, वीज, पार्सल, उधारी बाजूला ठेवू. नोकराला १२,००० द्यायचे, तर महिन्याला अशी २०० पुस्तकं खपली पाहिजेत, रोज सात-आठ. पगार हजाराने वाढला की आणखी सतरा. जूनमध्ये हे जमेल, भरतीची जाहिरात निघाली त्या महिन्यात जमेल. ऑगस्टात किंवा फेब्रुवारीत परतूरमध्ये रोज आठ पुस्तकं कोण घेणार?

चहावाल्याला दूध महागलं की तो कप दोन रुपयांनी वाढवतो आणि गिऱ्हाईक कुरकुरत का होईना देतं. पुस्तकवाल्याला ३०० चं पुस्तक ३१० ला विकता येत नाही. त्याच्यासाठी किंमत वर जायचा रस्ता छपाईने बंद केलेला आहे आणि खाली ओढणारा रस्ता मोबाइलने उघडलेला. दोन्ही गाऱ्हाणी इथे एकत्र येतात.

आणि स्पर्धाही सारख्या अटींवर नाही. दुकानातल्या नोकराला किमान वेतन लागू आहे. ज्या मुलाने दुकान सोडलं, तो बऱ्याचदा पाठीवर मोठी पिशवी घेऊन पार्सलं वाटताना दिसतो. अशा गिग कामगारांना सामाजिक सुरक्षा संहितेने नाव दिलं, पण किमान वेतनाच्या चौकटीत ते अजून नाहीत. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, पार्सलमागे पैसे. म्हणजे स्वस्त घरपोच पुस्तकातली स्वस्ताई काही अंशी याच मुलाच्या मजुरीतून निघते. दुकानाचा मालक आणि हा मुलगा एकाच किमतीचे दोन बळी आहेत.

दूरची उदाहरणं

हा पेच परतूरपुरता नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मतदारांनी २०१४ मध्ये किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलरवर न्यायचं ठरवलं. तिथल्या ‘बॉर्डरलँड्स बुक्स’ या विज्ञानकथांच्या दुकानाने २०१५ च्या सुरुवातीला जाहीर केलं की आम्हाला बंद करावं लागेल. कारण हेच: पुस्तकावर किंमत छापलेली असते, ती आम्हाला वाढवता येत नाही. मालकाने वेतनवाढीला वाईट म्हटलं नाही. वाचकांनी सभा भरवली आणि वर्षाला शंभर डॉलर देणारे प्रायोजक उभे राहिले; दुकान वाचलं. मुंबईचं १९४८ चं स्ट्रँड बुक स्टॉल, ज्याने वाचकांच्या दोन पिढ्यांना सवलतीत पुस्तकं दिली, ते मात्र २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झालं.

फ्रान्सने प्रश्न मुळाशी धरला. १९८१ च्या लांग कायद्याने नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांहून जास्त सूट द्यायला बंदी केली. मोठं दुकान असो की खेड्यातलं, किंमत एकच. ऑनलाइन कंपन्यांनी फुकट पाठवणीची वाट काढली, तेव्हा २०२३ पासून ३५ युरोंखालच्या ऑर्डरवर निदान ३ युरो पाठवणी घ्यायची सक्ती केली. जर्मनीतही पुस्तकाची किंमत कायद्याने बांधलेली आहे. ब्रिटनने उलट केलं. १९०० पासूनचा नेट बुक करार १९९० च्या दशकात मोडला. सुपरमार्केटांनी गाजलेली पुस्तकं मातीमोल भावात विकली आणि लहान दुकानं मोठ्या संख्येने मिटली. छापील किंमत खाली जाऊ दिली नाही, तरच तिच्यात मजुरी मावते, हा या दोन्ही अनुभवांचा अर्थ.

आपल्याला काय करता येईल

मजुरी कमी ठेवून दुकान वाचवावं, असं मी म्हणणार नाही. ज्या दुकानात ज्ञान विकलं जातं, तिथे उभ्या राहणाऱ्या माणसाला पोटभर पगार मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच की तो पगार कुणी भरायचा. आजवर तो घरच्या माणसांनी न घेतलेल्या पैशातून भरला. ही पद्धत आता संपली आहे, आणि संपली ते योग्यच झालं.

पहिली वाट सरकारच्या हातात आहे. मोफत पाठ्यपुस्तक मोफतच राहावं, पण ते पोचवण्याचं काम तालुक्यातल्या बुक डेपोंना देऊन संचामागे ठरावीक कमिशन द्यावं. रेशनच्या दुकानदाराला धान्य वाटण्याचं कमिशन मिळतं, मग पुस्तक वाटणाऱ्याला का नाही? १९६७ च्या कायद्याखालच्या अनुदानित वाचनालयांनी ग्रंथखरेदीचा काही भाग तालुक्यातल्याच दुकानातून, ठरलेल्या माफक सवलतीत घ्यावा. जास्तीत जास्त टक्के सोडणाऱ्या दूरच्या पुरवठादाराकडे हा पैसा गेला की गावात ना दुकान उरतं, ना पुस्तक चाळायची जागा. आणि नव्या पुस्तकावर निदान पहिलं वर्षभर सवलतीला मर्यादा घालणारा कायदा आपल्याकडेही चर्चेला आला पाहिजे.

दुसरी वाट प्रकाशकांची. संभाजीनगरच्या, पुण्याच्या मोठ्या दुकानाला जे कमिशन, परतीची जी सवलत आणि जी उधारी, ती तालुक्याच्या दुकानालाही द्या. किंमत तुम्ही छापता. तेव्हा तीत छपाईइतकीच विक्रेत्याची मजुरीही मोजा. अभ्यासक्रम बदलला की पडून राहणाऱ्या मालाचा बोजा एकट्या दुकानदारावर नको.

तिसरी वाट दुकानाची स्वतःची. मोबाइलची यादी दुकानदारालाही उघडी आहे. जे गिऱ्हाईक पत्ता, पैसे, परतीची भानगड यांना बिचकतं, त्याला मागवून द्या, त्याचं रीतसर शुल्क घ्या आणि संकोच करू नका. शाळा, अभ्यासिका, बचत गट, भजनी मंडळ यांच्यापर्यंत स्वतः जा. साखर, दूध, सूत यांत या राज्याने सहकार उभा केला. केरळातल्या लेखकांनी १९४५ मध्ये सहकारी संस्था काढून स्वतःची पुस्तकं स्वतःच्या दुकानांतून विकली. तालुक्यातल्या दुकानांनी एकत्र खरेदी केली, तर कमिशन वाढवून मागायला बळ येईल.

उरला वाचक. ज्या गावाने १९३७ मध्ये बंदीच्या काळात मराठीचं अधिवेशन भरवून दाखवलं, त्या गावात पुस्तक विकत मिळण्याची जागा राहावी की नाही, हे गावानेच ठरवायचं आहे. दुकानात चाळलेलं पुस्तक दुकानातूनच घ्या आणि छापलेली किंमत पूर्ण द्या. त्या वरच्या तीस रुपयांत कुणाचा तरी पगार आहे.